प्रयोगशाळेसाठी पाणी शुद्धीकरण यंत्रणा कशी निवडावी

प्रयोगशाळेसाठी शुद्ध पाण्याचे यंत्र घ्यायचे ठरले की विक्रेत्याला पहिला प्रश्न बहुधा एकच जातो: '१८.२ मिळते का?' म्हणजे मीटरवर पाण्याच्या शुद्धतेचा हा आकडा येतो का. जवळपास प्रत्येक चांगले यंत्र नवे असताना १८.२ दाखवते, त्यामुळे या उत्तरावरून काहीच ठरत नाही. निवड ठरते ती तीन गोष्टींवर: पाणी कोणत्या कामाला लागते, नळाला कसे पाणी येते आणि दिवसाच्या कोणत्या वेळी किती लागते. या तीन गोष्टी कागदावर उतरल्याशिवाय कोटेशन मागवू नका. नाहीतर विक्रेत्याकडे जे मॉडेल तयार आहे तेच तुमची गरज म्हणून तुमच्यापुढे येईल.

## १८.२ काय सांगते आणि काय सांगत नाही

२५ अंश सेल्सिअसला अतिशुद्ध पाण्याची रेझिस्टिव्हिटी (विजेला होणारा विरोध) १८.२ मेगाओहम-सेंमी असते. कंडक्टिव्हिटीत (वाहकतेत) हेच ०.०५५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी. एवढी वाहकता पाण्याच्या स्वतःच्या हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल आयनांमुळे राहतेच, ती काढता येत नाही. म्हणजे हा आकडा फक्त आयनांचा हिशेब देतो. प्लास्टिकमधून उतरलेली सेंद्रिय द्रव्ये, जिवाणू, एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या कवचातले विष), आरएनएझ (आरएनए तोडणारे विकर), कलिल रूपातली सिलिका यांपैकी काहीही या मीटरला दिसत नाही. एचपीएलसीची (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणाची) बेसलाइन, म्हणजे आलेखाची तळरेषा, बिघडवण्याइतका सेंद्रिय कार्बन असलेले पाणीही खुशाल १८.२ दाखवू शकते. सेंद्रिय कार्बनसाठी टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) मोजावा लागतो, जिवाणूंसाठी प्लेट लावावी, म्हणजे ते माध्यमावर वाढवून मोजावे लागतात, एंडोटॉक्सिनसाठी एलएएल चाचणी करावी लागते.

तापमानाचेही लक्षात ठेवा. २० अंशांना शुद्ध पाण्याची खरी रेझिस्टिव्हिटी २४ च्या आसपास जाते. मीटर ती २५ अंशांवर आणून दाखवतो. पडद्यावर १९ किंवा २० दिसले तर पाणी जास्त शुद्ध झालेले नसते. तापमान-भरपाई बंद आहे किंवा तापमानाचा सेन्सर बिघडला आहे.

## दर्जाची नावे नीट वाचा

'टाइप वन', 'टाइप टू' हे शब्द सर्रास वापरले जातात, पण कोणत्या मानकातला टाइप हे विचारल्याशिवाय त्यांना अर्थ नाही. एएसटीएम डी ११९३ या अमेरिकी मानकात टाइप १ साठी रेझिस्टिव्हिटी किमान १८ मेगाओहम-सेंमी आणि टीओसी जास्तीत जास्त ५० पीपीबी (अब्जात इतके भाग). टाइप २ साठी किमान १ मेगाओहम-सेंमी, टाइप ३ साठी ४ आणि टाइप ४ साठी ०.२. इथे बरेच जण फसतात: टाइप ३ ची रेझिस्टिव्हिटी टाइप २ पेक्षा चांगली आहे. कारण टाइप २ ची कल्पना ऊर्ध्वपातित पाण्यावरून आलेली आहे आणि त्यात टीओसीची मर्यादा ५० पीपीबी इतकी कडक आहे, तर टाइप ३ मध्ये ती २०० आहे. नुसता क्रमांक बघून वरचा-खालचा ठरवू नका.

आयएसओ ३६९६ मध्ये तीन ग्रेड आहेत. कंडक्टिव्हिटीची कमाल मर्यादा ग्रेड १ साठी ०.१, ग्रेड २ साठी १ आणि ग्रेड ३ साठी ५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी. वैद्यकीय निदानाच्या प्रयोगशाळांसाठी सीएलएसआय या अमेरिकी संस्थेचा सीएलआरडब्ल्यू हा दर्जा आहे: किमान १० मेगाओहम-सेंमी, टीओसी ५०० पीपीबीपेक्षा कमी, एका मिलिलिटरमध्ये १० पेक्षा कमी जिवाणू वसाहती आणि ०.२२ मायक्रॉनचा गाळा (फिल्टर). तुमच्या चाचणीपद्धतीत किंवा ऑडिटमध्ये जे मानक लिहिले आहे तेच ऑर्डरमध्ये लिहा, आकड्यांसकट.

## कामाची यादी करा

प्रत्येक उपकरण आणि प्रत्येक काम यांच्यासमोर लागणारा दर्जा लिहा. काचसामान धुण्याचा शेवटचा हात, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र), वॉटर बाथ, ह्युमिडिटी चेंबर यांना आरओचे पाणी पुरते. बफर, माध्यमे, सर्वसाधारण रिएजंट यांना टाइप २. एचपीएलसीला, विशेषतः ग्रेडियंट (सॉल्व्हंटचे प्रमाण वाढवत नेणाऱ्या) पद्धतीला, १८.२ सोबत टीओसी ५ पीपीबीच्या आत हवा, कारण पाण्यातली सेंद्रिय द्रव्ये कॉलमच्या डोक्याशी साठतात आणि सॉल्व्हंटचे प्रमाण वाढले की आलेखावर भुताटकीसारखी खोटी शिखरे (घोस्ट पीक) म्हणून बाहेर येतात. आयसीपी-एमएसला (सूक्ष्म धातू मोजणाऱ्या उपकरणाला) सिलिका, बोरॉन आणि सोडियम यांच्यावर लक्ष ठेवावे लागते. पेशीसंवर्धनाला एंडोटॉक्सिन ०.०३ ईयू (एंडोटॉक्सिन एकक) प्रति मिलि किंवा त्याहून कमी. आरएनएवरच्या कामाला न्युक्लिएझमुक्त (आरएनए-डीएनए तोडणारी विकरे नसलेले) पाणी, म्हणजे यंत्राच्या तोंडाशी अल्ट्राफिल्टर.

सगळ्यांना टाइप १ देऊन टाकावे हा मोह टाळा. पैसा वाया जातो हे झालेच, पण नुकसानही होते. अनेक ऑटोक्लेव्हमध्ये पाण्याची पातळी ओळखणारे इलेक्ट्रोड पाण्याच्या वाहकतेवर चालतात. फार शुद्ध पाणी भरले तर टाकी काठोकाठ असूनही यंत्र 'पाणी नाही' म्हणून थांबते. शिवाय अतिशुद्ध पाणी तांब्या-पितळेच्या भागांतून धातू ओढून घेते.

आणि आठवड्याला दोन-चार लिटर एचपीएलसीचे पाणी एवढीच गरज असेल तर यंत्र घेऊच नका. सीलबंद बाटल्या आणा. कमी वापर असलेले यंत्र दिवसचे दिवस बंद राहते, त्यात जिवाणूंचा थर बसतो आणि कार्ट्रिज (शुद्धीकरणाचे बदलायचे नळकांडे) न वापरताच बदलावे लागते.

## नळाचे पाणी तपासून घ्या

यंत्रातले पहिले दोन-तीन भाग तुमच्या पाण्यावरूनच ठरतात. यंत्र ज्या नळाला जोडणार त्याच नळाचा नमुना घ्या, आणि शक्य असेल तर पावसाळ्यात एकदा व उन्हाळ्यात एकदा. एकाच नळाच्या पाण्याची गढूळता आणि क्षार ऋतूनुसार बरेच बदलतात. हे मोजून घ्या:

- कंडक्टिव्हिटी, पीएच, कठीणपणा आणि क्षारता
- मुक्त क्लोरीन आणि एकूण क्लोरीन, दोन्ही वेगवेगळे
- लोह, मँगनीज, सिलिका
- टीओसी
- गढूळता आणि एसडीआय
- तापमान व नळावरचा दाब

एसडीआय म्हणजे ०.४५ मायक्रॉनचा गाळा पंधरा मिनिटांत किती तुंबतो त्याचा आकडा. तो ५ च्या वर असेल तर साध्या पाच मायक्रॉनच्या कार्ट्रिजवर भिस्त ठेवू नका. आरओचे मेम्ब्रेन काही महिन्यांत तुंबेल. एकूण क्लोरीन मुक्त क्लोरीनपेक्षा बरेच जास्त आले तर पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) आहे असे समजा. साधा कार्बन क्लोरीन पटकन काढतो, पण क्लोरामाइनला पाणी कार्बनशी जास्त वेळ लागून राहावे लागते. तिथे मोठा किंवा उत्प्रेरक कार्बन सांगून घ्या.

पाणी फार कठीण असेल तर आरओच्या आधी सॉफ्टनर बसवा. मेम्ब्रेनवर बसलेला कॅल्शियम कार्बोनेटचा थर आम्लाने धुता येतो. सिलिकाचा मात्र सहजी निघत नाही, म्हणून सिलिका जास्त असेल तर ते आधीच विक्रेत्याला लेखी सांगा.

## आतले टप्पे: कोण काय काढतो

गाळ अडवणारे कार्ट्रिज आणि कार्बन यांचे खरे काम मागच्या मेम्ब्रेनला वाचवणे हे आहे. आरओचे पातळ पॉलिअमाइड मेम्ब्रेन क्लोरीनने कायमचे खराब होते. कार्बननंतरचे क्लोरीन ०.१ पीपीएमच्या (दशलक्षात इतके भाग) आत हवे आणि ते डीपीडी या क्लोरीन दाखवणाऱ्या गोळीने महिन्यातून एकदा तपासायला दोन मिनिटे लागतात. यासाठी कार्बन आणि आरओच्या मधे नमुन्याची तोटी आहे का, हे खरेदीपूर्वी बघा. अनेक यंत्रांत ती नसते.

आरओ ९५ ते ९९ टक्के आयन अडवते. या टक्क्यांकडे उलट बाजूने बघायला शिका, कारण पुढच्या रेझिनवर (आयन धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांवर) ओझे पडते ते निसटलेल्या आयनांचे. नळाची कंडक्टिव्हिटी ५०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी असेल तर ९८ टक्के अडवणाऱ्या मेम्ब्रेनमागे १० उरते, ९५ टक्क्यांमागे २५ आणि ९० टक्क्यांमागे ५०. म्हणजे ९८ वरून ९५ वर घसरण झाली, दिसायला तीनच टक्के, की रेझिनवरचे ओझे अडीचपट होते. जे कार्ट्रिज दहा महिने चालले असते ते चार महिन्यांत संपते. 'कार्ट्रिज लवकर संपते' या तक्रारीचे मूळ बहुतेकदा जुन्या मेम्ब्रेनमध्ये असते, पण बदलले जाते ते कार्ट्रिज, पुन्हा पुन्हा. यंत्राच्या पडद्यावर आरओच्या आधीची आणि नंतरची कंडक्टिव्हिटी दोन्ही दिसत असतील तर हा हिशेब रोज मांडता येतो. आमच्या मते हे वैशिष्ट्य टचस्क्रीनपेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

आरओला अडवता न येणारी एक गोष्ट म्हणजे विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. तो मेम्ब्रेनमधून सरळ पार जातो आणि अॅनायन (ऋण आयन धरणारे) रेझिन खातो. नळाच्या पाण्यात तो जास्त असेल, विशेषतः पीएच ७ च्या खाली असेल, तर कंडक्टिव्हिटी कमी दिसत असूनही कार्ट्रिज झपाट्याने संपते. अशा ठिकाणी वायू काढणारे मेम्ब्रेन लावून घ्यावे.

यंत्र बंद असताना आरओच्या दोन्ही बाजूंचे क्षार हळूहळू एक होतात, म्हणून सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे येणारे पाणी वाईट असते. चांगले यंत्र ते आपोआप ड्रेनला सोडते. तुमचे यंत्र ते टाकीत तर घेत नाही ना, हे विचारून घ्या.

आरओनंतर दोन वाटा आहेत. एक, मिक्स्ड-बेड रेझिनचे कार्ट्रिज: सुरुवातीचा खर्च कमी, बदलण्याचा खर्च कायमचा. दुसरी, ईडीआय: यात रेझिन विजेच्या प्रवाहाने सतत ताजे होत राहते आणि पाणी ५ ते १५ मेगाओहम-सेंमीपर्यंत एकसारखे मिळते. पण ईडीआयला येणारे पाणी आरओचेच हवे आणि त्याचा कठीणपणा १ पीपीएमच्या आत हवा, नाहीतर आत क्षार बसतात आणि मॉड्यूल बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. रोजचा वापर कमी असेल तर कार्ट्रिज, मोठा आणि सलग असेल तर ईडीआय, अशी निवड सहसा योग्य ठरते.

रेझिन संपत आले की सर्वात आधी निसटतात बोरॉन आणि सिलिका. ती इतकी कमी आयनित असतात की तेव्हाही मीटर १८.२ च दाखवत असतो. सूक्ष्म धातूंचे काम करणाऱ्यांनी मीटर उतरण्याची वाट न बघता कार्ट्रिज ठरलेल्या लिटरला बदलावे.

यूव्ही दिव्यांत दोन प्रकार आहेत. २५४ नॅनोमीटरचा दिवा जिवाणू मारतो. सेंद्रिय द्रव्ये फोडायला १८५ नॅनोमीटरही लागते. फुटलेल्या द्रव्यांतून कार्बन डायऑक्साइड आणि आम्ले तयार होऊन रेझिस्टिव्हिटी खाली येते, म्हणून या दिव्यानंतर पॉलिशिंग (शेवटचा हात फिरवणारे) रेझिन असलेच पाहिजे. यंत्राच्या आकृतीत दिवा सर्वात शेवटी असेल आणि माहितीपत्रकात मात्र कमी टीओसीचा दावा असेल, तर प्रश्न विचारा. दिवा साधारण वर्षाने बदलायचा असतो. तो निळसर उजेड देत राहतो म्हणून चालू आहे असे समजू नका. १८५ चा भाग आधीच क्षीण होतो.

ऊर्ध्वपातनाचे यंत्र अजून अनेक ठिकाणी चालू आहे. पण एक लिटर पाण्याची वाफ करायला किमान ०.७ युनिट वीज आणि ती थंड करायला दहा-पंधरा लिटर पाणी लागते, शिवाय अमोनिया आणि क्लोरोफॉर्मसारखी बाष्पशील द्रव्ये वाफेबरोबर पलीकडे येतात. नव्याने घेताना ते घेण्याचे कारण फार क्वचित असते.

## लिटरचा हिशेब

एक उदाहरण मांडून बघू. दिवसाला ग्लासवॉशरचे ३ फेरे, प्रत्येकी १० लिटर: ३०. ऑटोक्लेव्ह ८. बफर आणि रिएजंट १२. एचपीएलसी ३. किरकोळ २. एकूण ५५ लिटर. यातले ३० लिटर सकाळच्या दोन तासांत लागतात.

ताशी १० लिटर आरओ पुरेल असे वाटते. पण माहितीपत्रकातला आकडा २५ अंशांचा असतो आणि पाणी एका अंशाने थंड झाले की उत्पादन सुमारे ३ टक्क्यांनी घटते. १० अंशांच्या पाण्याला तेच यंत्र ताशी जेमतेम सव्वासहा लिटर देईल. ५५ लिटरांना जवळपास नऊ तास, म्हणजे अख्खा दिवस चालूनही हातात काही उरत नाही आणि मेम्ब्रेन जुने झाले की तेवढेही नाही. इथे ताशी १५ लिटरचे यंत्र घ्यावे. थंडीत ते साडेनऊ लिटर देते आणि सहा तासांत काम उरकते. टाकी ५० लिटरची पुरे: सकाळच्या दोन तासांत यंत्र १९ लिटर देते, उरलेले ११ टाकीतून जातात.

'असू दे मोठी' म्हणून २०० लिटरची टाकी घेऊ नका. टाकीतले पाणी दिवसातून एकदा तरी बदलले गेले पाहिजे. टाकी अपारदर्शक, शंकूसारख्या तळाची, तळापासून पूर्ण रिकामी होणारी असावी. तिच्या श्वासनळीवर ०.२ मायक्रॉनचा जलरोधी गाळा आणि कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडा लाइम हवा. हा गाळा कोरडा राहिला पाहिजे. ओला झाला की हवा अडते आणि पाणी काढताना टाकी आत चेपते. टाकीत टाइप १ पाणी कधीच साठवू नका. ते उघड्या हवेत काही वेळातच कार्बन डायऑक्साइड शोषते, रेझिस्टिव्हिटी कोसळते आणि पीएच ५.७ च्या आसपास येतो. टाइप १ काढल्याबरोबर वापरायचे असते.

ड्रेनचा हिशेबही करा. यंत्र येणाऱ्या पाण्यापैकी ३० टक्केच शुद्ध करून देत असेल तर ५५ लिटरांसाठी नळाचे सुमारे १८० लिटर लागतात आणि सव्वाशेहून जास्त लिटर गटारात जातात. ड्रेनची नळी सांडपाण्यात बुडवू नका, मधे हवेचे अंतर ठेवा.

## विक्रेत्याकडून लेखी घ्या

तुमच्या पाण्याच्या अहवालावर आधारित प्रत्येक कार्ट्रिजचे आयुष्य लिटरमध्ये आणि पाच वर्षांचा एकूण खर्च: कार्ट्रिज, मेम्ब्रेन, यूव्ही दिवा, शेवटचा गाळा, अल्ट्राफिल्टर, मीटरचे कॅलिब्रेशन, भेटीचे शुल्क. यंत्राची किंमत यापुढे बहुधा लहान ठरते. कार्ट्रिजवर चिप असून दुसऱ्याचे चालत नसेल तर पुरवठा किती दिवसांत होतो हेही लिहून घ्या. टीओसी यंत्र खरोखर मोजते की अंदाजाने दाखवते, हे नेमक्या शब्दांत विचारा. नियमनाखाली काम करत असाल तर आयक्यू-ओक्यूची (यंत्र नीट बसले आणि नीट चालते याच्या पडताळणीची) कागदपत्रे आणि रेझिस्टिव्हिटी सेलचे प्रमाणपत्र ऑर्डरमध्येच टाका. नंतर मागितले की वेगळे बिल येते.

## बसवल्यावर तपासणी

पहिल्या दिवशीच्या आकड्यावर सही करू नका. नव्या रेझिनमधून आणि नळ्यांमधून सेंद्रिय द्रव्ये उतरत असतात. भरपूर पाणी वाहू द्या, दोन-तीन दिवस रोजच्यासारखे वापरा, मग नमुने घ्या: तुमच्याच एचपीएलसीवर ब्लँक (नमुना न टाकता) ग्रेडियंट, तुमच्याच आयसीपीवर ब्लँक, आणि जिवाणूंसाठी आर-टू-ए अगार या कमी पोषणाच्या माध्यमावर २० ते २८ अंशांना पाच ते सात दिवस. या पाण्यातले जिवाणू उपाशी राहायला सरावलेले असतात. पौष्टिक माध्यमावर ३७ अंशांना ते वाढत नाहीत आणि अहवाल फसवा 'निरंक' येतो.

रोज सकाळी पहिले एक-दोन लिटर सोडून द्या. तोटीला रबरी नळी लावून भांड्यात सोडू नका. शेवटच्या गाळ्यानंतरची ती नळीच दूषणाचा सर्वात मोठा उगम ठरते. एचपीएलसीचे पाणी काचेत घ्या, सूक्ष्म धातूंसाठीचे पीएफए (एक फ्लोरोप्लास्टिक) किंवा पॉलिप्रोपिलीनमध्ये, कारण काचेतून सोडियम, बोरॉन आणि सिलिका उतरतात.

कार्ट्रिज बदलल्यावर आकडा १८.२ ला पोहोचत नसेल तर आधी मीटरच्या सेलमध्ये अडकलेली हवा काढा. बहुतेक वेळा तेवढेच असते. शेवटच्या गाळ्यातून धार बारीक झाली तरी प्रथम त्याच्या वरचे हवेचे बूच सोडून बघा. ओला झालेला ०.२ मायक्रॉनचा पडदा हवा पुढे जाऊ देत नाही आणि गाळा तुंबल्यासारखा दिसतो. बूच सोडूनही धार तशीच राहिली तर मात्र गाळा बदला, आणि जुना उघडून त्यावर काय साचले आहे ते बघा: तपकिरी असेल तर आधीच्या टप्प्यांतून लोह येते आहे, बुळबुळीत असेल तर यंत्र आतून निर्जंतुक करायची वेळ झाली आहे, काळी पूड असेल तर कार्बन फुटून पुढे येतो आहे.